संत्र्याच्या बुंध्याचे ९ इंच

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याचे झाड पिवळे पडले की पहिली चौकशी होते ती औषधाची. झाड मात्र बहुतेकदा मरते ते बुंध्याशी पाणी तुंबल्याने आणि कलमाचा जोड मातीत गेल्याने. आळ्यातली चार बोटे माती सारून तंतुमुळे चिमटीत धरली, तर पुरावा हातातच येतो. निरोगी मूळ पिवळसर आणि चिवट असते. सडलेल्या मुळाची साल हलक्या ओढीने निसटते, आत नुसता बारीक दोरा उरतो, आणि मातीला आंबूस वास येतो. वर बुंध्याची साल तडकून डिंक ओघळलेला असतो, चाकूने खरवडली की खाली तपकिरी चट्टा. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. पाने पिवळी पडणे, फांद्यांवर सल येणे या सर्वांत उशिराच्या खुणा, आणि आपला उपचार नेमका तिथून सुरू होतो.

हा रोग फायटोफ्थोरामुळे होतो. ती काटेकोर अर्थाने बुरशी नाही. तिचे बीजाणू शेपटीसारख्या दोन तंतूंच्या बळावर पाण्यात पोहतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत मुळांशी पोचतात. काळ्या भारी जमिनीत पावसाची झड लागली की आळ्यात पाणी साचते आणि त्यांना वाट मिळते. कार्बेन्डाझिम हिच्यावर चालत नाही, तरी ते आळ्यात ओतले जाते. आधीच अडचणीत असलेल्या माणसाचा पैसा असा मातीत जावा, हे संतापजनक आहे. मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल उपयोगी पडते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावेच: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पण पाणी तसेच तुंबत राहिले तर पुढच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच रोपवाटिकेत डोळा जमिनीपासून निदान ९ इंचांवर भरायचा असतो, म्हणजे जोडाला ओली माती लागत नाही. ९ इंचांच्या या कामाला वेगळा खर्च नाही. खोल खड्डा घेऊन जोड पुरून टाकला, तर तेही वाया.

रोगाला दाद न देणारा खुंटच, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते रोपच, का वापरू नये, असे कोणी विचारेल. आंबट संत्र्याचा खुंट या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, पण त्यावर बांधलेले संत्रे ट्रिस्टेझा विषाणूने मरते. त्रिपर्णी खुंट चुनखडीच्या जमिनीत नीट वाढत नाही. राहतात जंबेरी आणि रंगपूर लिंबू. त्यांत रंगपूर अधिक तग धरतो, तरी पाणथळीत तोही सडतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जिथे उन्हाळ्यात विहिरी आटतात, तिथे पाणी बाहेर काढायला सांगायचे कोणत्या तोंडाने? पण झाड जगवायला लागणारे पाणी उन्हाळ्यातले आणि मुळे सडवणारे पावसाळ्यातले. उताराच्या दिशेने चर काढून पावसाळ्यातले पाणी शेततळ्यात नेता येते, आणि ओलिताला दुहेरी आळे केले, म्हणजे बुंध्याभोवती एक आणि पाण्यासाठी त्याबाहेर दुसरे, की पाणी मुळांना मिळते, बुंधा कोरडा राहतो. कलमे घ्यायला जाताना सोबत पट्टी न्या, आणि डोळा ९ इंचांच्या खाली असेल तर फुकट मिळाले तरी ते कलम घेऊ नका.