शेतावरची उन्हाळी सहल : पाहुण्यांना सकाळीच बोलवा, दुपारी शेततळ्यावर नजर ठेवा

परीक्षा संपल्या की शहरातली पोरं गावाकडे यायला लागतात. काही मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी येतात, तर काही कुटुंबं पैसे मोजून एका दिवसासाठी कृषी पर्यटन केंद्रावर येतात. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी हा प्रयोग सुरू केला, त्याला आता जवळपास वीस वर्षं झाली. राज्य सरकारनं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची रीतसर नोंदणी करता येते. 16 मे हा तर जागतिक कृषी पर्यटन दिनच पाळतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात.

अडचणही तिथंच आहे. मे महिन्यात शेतात बघायला असतं काय? हुरडा थंडीतच संपलेला असतो. गहू-हरभरा घरात आलेला, रान नांगरून तापत पडलेलं. शहरातलं कुटुंब सकाळी नाश्ता करून निघतं आणि अकराच्या सुमाराला पोहोचतं. तोवर धार काढून झालेली असते, कोंबड्या सावलीला गेलेल्या असतात आणि बैल डोळे मिटून रवंथ करत असतात. मग पोरं मोबाईल काढतात. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून पोहण्याचा तलाव आणि डीजे आणलाय. पण ते तर पोरांना शहरातही मिळतं.

शेताचा दिवस सहाला सुरू होतो

पाहुण्यांना फोनवरच स्पष्ट सांगावं, साडेसहाला या. जमत नसेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या. सहा ते नऊ या तीन तासांत पोरांना जे बघायला मिळतं, ते दिवसभरात पुन्हा मिळत नाही. खुराड्यातली अंडी गोळा करायची, गव्हाणीत वैरण टाकायची, करडाला पाला चारायचा, उन्हाळी भुईमुगाचे डहाळे उपटून शेंगा तोडायच्या. कैऱ्या झेल्यानं उतरवायला दिल्या तर पोरं तासभर हलत नाहीत. घरात कुरडया-पापड चालू असतील तर ते दाखवायला लाजू नये. चीक घाटताना बघणं आणि तो वाटीत घेऊन खाणं हे शहरातल्या पोरांना कुठल्याही खेळण्यापेक्षा भारी वाटतं.

गोठ्यात मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस एरवी कितीही गरीब असली तरी वासराजवळ परकं माणूस आलं की धावून येते. तिला वेगळं बांधावं. जनावराच्या मागून जाऊ नये, हेही पोरांना आधीच सांगावं. दुसरी गोष्ट दुधाची. धारोष्ण दूध पिण्याची पाहुण्यांना फार हौस असते, पण ते देऊ नये. जनावरं गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा आजार कच्च्या दुधातून माणसालाही होतो. ताप आणि सांधेदुखी महिनोन्महिने पाठ सोडत नाही. दूध उकळूनच द्यावं. गोठ्यातून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कुणालाही ताटावर बसू देऊ नये. बाटलीतलं सॅनिटायझर शेणामातीच्या हातांवर नीट काम करत नाही.

बैलगाडीची फेरीही सकाळीच उरकावी. तापमान 37 अंशांच्या वर असताना दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावर कामाला जुंपायला केंद्राच्या 1965 च्या नियमांनुसार मनाई आहे. पाहुणा कितीही आग्रह करो, नाही म्हणावं. फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये पोरांना नेऊ नये आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावरून आधीच उचलाव्यात.

खरी भीती दुपारी एक ते चारची

जेवण झालं, पन्हं पिऊन झालं की मोठी माणसं आंब्याखाली आडवी होतात. पोरांना झोप येत नसते. ऊन मी म्हणत असतं आणि समोर निळंशार शेततळं दिसत असतं. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात, त्यातल्या बऱ्याच या वेळेतल्या असतात.

शेततळं विहिरीपेक्षा फसवं असतं. विहीर खोल दिसते म्हणून पोरं बिचकतात. शेततळ्याचा उतार मात्र हळूहळू पाण्यात जातो. कडेला पाय भिजवू म्हणून पोरगं उतरतं, पण खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर शेवाळ. पाय सटकला की धरायला काहीच नसतं. चांगला पोहणारा माणूसही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, आणि वाचवायला उडी मारणारा दुसराही तिथंच अडकतो.

म्हणून कुंपण आणि कुलूप लावलेलं फाटक आधी, पाहुणे नंतर. चारही बाजूंना जाड दोर खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडावेत, दोराला हातभर अंतरावर गाठी माराव्यात. दोन-तीन रिकामे कॅन झाकण घट्ट लावून, दोरी बांधून काठावर ठेवावेत. बुडणाऱ्याकडे आधी तेच फेकायचे. याला खर्च असा काही फार येत नाही. आणि एक ते चार या वेळेत एका जाणत्या माणसाला फक्त पोरांवर लक्ष ठेवायचं काम द्यावं. ‘सगळेच आहेत की’ म्हटलं की कुणीच बघत नसतं.

पोरगं बाहेर काढल्यावर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागी दाब द्यावा आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा. हे प्रशिक्षण घरातल्या एकानं तरी घेतलेलं असावं.

दगडगोटे, सरपण आणि कडब्याची गंज यांपासूनही पोरांना लांब ठेवावं. विंचू-साप गारव्याला तिथंच असतात. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर मंत्र-पाल्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाचे रुग्ण मोठ्या संख्येनं वाचू लागले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवा. साप चावला तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. पाय न हलवता गाडीत घालावं. कुत्र्यानं चावा घेतला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लस घ्यावी. सापाची आणि रेबीजची लस जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, याची चौकशी सीझन सुरू होण्याआधीच करून ठेवावी.

ऊन कललं की पुन्हा पोरं मोकळी सोडायला हरकत नाही. पाचनंतर झाडांना पाणी द्यायला लावावं, चिखलात खेळू द्यावं. संध्याकाळची धार पाहूनच पाहुण्यांना निघू द्यावं. सकाळी जे उशिरा आले, त्यांच्या पोरांना निदान तेवढं तरी बघायला मिळतं.