बीडचा आकडा नेमका किती? 1948 चा एक अहवाल कसा वाचायचा

लष्करी अंमल आणि धार्मिक समाजावरचे अत्याचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दूरचे देश येतात. पण मराठवाड्यावर संशोधन करायचं असेल, तर हा विषय तुमच्या जिल्ह्यातच सापडेल.

पार्श्वभूमी थोडक्यात. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या 16 जिल्ह्यांपैकी एक. कासिम रझवीच्या रझाकारांनी 1947-48 मध्ये गावोगावी हिंदूंवर हल्ले केले, कित्येक कुटुंबं सीमा ओलांडून मुंबई प्रांतात गेली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मोहीम लष्कराची, पण नाव पडलं ‘पोलीस ॲक्शन’. पुढे 1949 अखेरपर्यंत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर होते.

याच काळात अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली आणि लुटालूट झाली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. नोव्हेंबरच्या अखेरीपासून 21 डिसेंबरपर्यंत ती 9 जिल्ह्यांत फिरली, न पाहिलेल्या 109 गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशीही बोलली. अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. 2013 मध्ये ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या पुस्तकात छापला.

आता मुद्द्यावर येऊ. अहवाल सांगतो की उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत किमान 18,000 बळी गेले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत मिळून किमान 5,000. संपूर्ण संस्थानाचा त्यांचा सावध अंदाज 27,000 ते 40,000.

मग बीडचे किती? 5,000 भागिले 4, म्हणजे 1,250? असं अजिबात करू नका! आकडा चार जिल्ह्यांचा एकत्र आहे आणि ते सारखे होते असं गृहीत धरायला काहीच आधार नाही. शिवाय ‘किमान’ हा शब्द सोडला तर अर्थच बदलतो. ही शिरगणती नव्हे, तीन-साडेतीन आठवड्यांच्या दौऱ्यातला अंदाज आहे. प्रबंधात लिहायचं ते एवढंच: चार जिल्ह्यांत मिळून किमान 5,000, त्यात बीड एक.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. ‘राज्यसंस्थेने केलेला छळ’ हा शब्दप्रयोग वापरण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करा. वरून हुकूम होता का? सरकारी माणसांनी स्वतः भाग घेतला का? की थांबवता येत असून थांबवलं नाही? अहवालात दुसऱ्या गोष्टीचे आरोप स्पष्ट आहेत: काही ठिकाणी सैनिकांनी जमावाला लुटीला प्रोत्साहन दिलं, काही ठिकाणी प्रौढ मुसलमान पुरुषांना बाहेर काढून मारलं. पण यावरून पहिली गोष्ट आपोआप सिद्ध होत नाही; त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. तीही वगळू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. या विषयावर बोललात की कुणीतरी विचारणारच, “मग रझाकारांचं काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या प्रबंधात असलंच पाहिजे. पण सप्टेंबरआधीचा अत्याचार हे सप्टेंबरनंतरच्या हिंसेचं कारण समजावून सांगू शकतो, तिचं समर्थन होऊ शकत नाही. मारले गेलेले सगळे रझाकार होते असंही धरून चालता येत नाही.

एक काम मात्र घाईचं आहे. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंच्या घरी जा. आकडा विचारू नका, “ॲक्शनच्या आधी गावात कोण कोण राहायचं, आणि नंतर कोण राहिलं?” एवढंच विचारा. संमती घ्या, नावं गुप्त ठेवा. जिल्ह्याचा वेगळा आकडा अहवालात नाही; गावाची यादी मात्र एखाद्या आजीच्या आठवणीत अजून असू शकते.