हळू आलं म्हणजे अलगद टेकलं का?

आपल्याला वाटतं, विमान जितकं हळू येईल तितकं अलगद टेकेल. छोट्या विमानात बऱ्याचदा उलटं घडतं. सेस्ना १७२एस घ्या. पूर्ण फ्लॅप्स लावून उतरताना तिच्या पुस्तिकेत ६० ते ७० नॉट वेग दिलाय. तो का?

बघा, विमान खाली येत असतं. ही घसरण शेवटच्या काही फुटांत थांबवायची, तर पंखांनी वजनापेक्षा जास्त उचल द्यायला हवी. आणि उचल वाढते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात.

ज्या वेगाखाली पंख वजन पेलूच शकत नाहीत, तो स्टॉलचा वेग. त्याच्या १.३ पट वेगाने आलात, तर पंख वजनाच्या १.६९ पट उचल देऊ शकतात. १.१ पटीने आलात, तर फक्त १.२१ पट. म्हणजे जादा उचल ६९ टक्क्यांवरून २१ वर आली!

मग वैमानिक घाबरून नाक आणखी ओढतो. हवेचा रोध वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान धाडकन आदळतं.

म्हणून वेग पडताना दिसला की नाक ओढत बसायचं नाही, पॉवर द्यायची. जमीन जवळ आली असेल, तर पूर्ण पॉवर देऊन लँडिंग सोडायचं आणि फेरी मारून पुन्हा यायचं.