काटकसरी गाडीचा हिवाळा

पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या गाडीत जळणाऱ्या इंधनाचा एक-तृतीयांश भागसुद्धा चाके फिरवण्याच्या कामी येत नाही. उरलेला बहुतेक सगळा उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जातो. पुण्यात किंवा नागपुरात ही निव्वळ उधळपट्टी. पण जानेवारीतल्या टोरांटोत किंवा विनिपेगमध्ये, बाहेर उणे वीस अंश असताना, हीच वाया जाणारी उष्णता आत बसलेल्यांना ऊब देते, समोरच्या काचेवर धरलेले बाष्प घालवते, काचेला चिकटलेला बर्फ सोडवते. हायब्रिड गाडी जन्माला आली ती ही उधळपट्टी थांबवण्यासाठी. सिग्नलला इंजिन बंद करायचे, ब्रेक मारताना चाकांच्या गतीची वीज करून बॅटरीत साठवायची, हळू चालताना त्याच विजेवर भागवायचे आणि रस्त्यावर शक्य तितके हलके फिरणारे टायर घालायचे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस विक्रीला आली, तेव्हापासून या काटकसरीचे कौतुक होत आले आहे, आणि ते रास्त आहे. मात्र बर्फाळ हिवाळ्यात यातल्या प्रत्येक काटकसरीला मुरड घालावी लागते. हायब्रिड गाडी बर्फात चांगली चालू शकते. पण चालवणारा उन्हाळ्यातल्या अ‍ॅव्हरेजचा आकडा हिवाळ्यातही धरून बसला, तर तीच गाडी धोक्याची ठरते, असे माझे म्हणणे आहे.

आधी उष्णतेचे पाहू. हायब्रिडचे इंजिन वरचेवर बंद होत असल्यामुळे सावकाश तापते, आणि मुळातच कमी उष्णता वाया घालवत असल्यामुळे हीटरच्या वाट्याला कमी येते. अभियंत्यांना ही अडचण सुरुवातीपासून ठाऊक होती. २००४ पासून उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये चक्क एक थर्मास बसवलेला होता. गाडी बंद केली की सुमारे तीन लिटर गरम कूलंट त्यात ओढून घेतले जाई, ते तीन दिवसांपर्यंत गरम राही आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होताना त्यात सोडले जाई. पुढच्या पिढीत थर्मास गेला आणि सायलेन्सरकडे निघालेल्या धुराची उष्णता कूलंटला देणारी रचना आली. इतके करूनही थंडी आपली वसुली करतेच. अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तापमान २५ अंशांवरून उणे ७ वर आले की साध्या पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी, अगदी जवळच्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत घटते. हायब्रिडचे ३० ते ३४ टक्क्यांनी घटते. गारठलेली बॅटरी वीज नीट घेत नाही आणि नीट देतही नाही. शिवाय हीटरसाठी इंजिनाला सिग्नललाही चालू राहावे लागते. हे कारण माहीत नसलेला मालक गाडी बिघडली असे समजतो, किंवा इंजिन बंद राहावे म्हणून हीटर कमी करतो आणि काचेवर हाताने पुसलेल्या वीतभर भोकातून रस्ता पाहत गाडी हाकतो. वाचलेल्या पावशेर पेट्रोलापायी समोरचा माणूस न दिसणे हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही. काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत इंजिन चालले तर चालू द्यावे. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत गाड्यांच्या वाहनतळांवर विजेचे सॉकेट असतात. रात्रभर इंजिनाचा हीटर तिथे जोडून ठेवला, तर सकाळी इंजिनाला शून्यापासून तापावे लागत नाही. हायब्रिडला याचा फायदा इतर गाड्यांपेक्षा जास्तच होतो.

यावर कोणी म्हणेल, एवढी घट होणार असेल तर बर्फाच्या मुलुखात हायब्रिड घ्यावीच कशाला? घट टक्क्यांत मोठी दिसते, कारण मूळ आकडा मोठा असतो. समजा, एक हायब्रिड लिटरला २० किलोमीटर देते आणि तिच्याच आकाराची साधी गाडी १२. कडाक्यात पहिली तेराच्या आसपास येईल, दुसरी नऊ-दहावर. तफावत अरुंद होते, पण नाहीशी होत नाही. आणि एका बाबतीत हायब्रिड उजवी असते. साध्या गाडीत गारठलेल्या इंजिनाला फिरवण्याचे कष्ट १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर पडतात आणि पहाटे सेल्फ मारून मारून ती गळपटते. बहुतेक पूर्ण हायब्रिड गाड्यांत हे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी ताकदवान मोटर करते. छोट्या बॅटरीला फक्त गाडीचे संगणक जागे करायचे असतात. तेवढेही तिला जमले नाही, तर मात्र मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निपचित पडते. म्हणून जुनी झालेली छोटी बॅटरी हिवाळ्याच्या तोंडावर तपासून घेणे इथेही चुकत नाही.

आता टायर, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे. गाडी कोणतीही असो, तिचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार ठिकाणी येतो. कोरड्या डांबरावर ब्रेकची पकड घर्षणांकाच्या भाषेत साधारण ०.७ असते. दबून बसलेल्या हिमावर ती ०.२ च्या आसपास, तर गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा हिशेब मांडला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटर लागतात, हिमावर ४९ आणि बर्फावर ९८. चौदा मीटर म्हणजे एका बसहून थोडे जास्त अंतर. अठ्ठ्याण्णव मीटर म्हणजे जवळजवळ फुटबॉलचे मैदान. मराठीत आपण भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि काचेसारख्या थरालाही बर्फच म्हणतो, पण चाकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यातही कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ अधिक घातक, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. टोरांटोतली उणे वीसची रात्र भीतिदायक वाटते, पण दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला पूल त्याहून फसवा असतो. हा थर पारदर्शक असल्यामुळे खालचे काळे डांबर जसेच्या तसे दिसते. तिकडचे लोक त्याला ब्लॅक आइस म्हणतात ते म्हणूनच.

हायब्रिडबरोबर कारखान्यातून येणारे टायर बहुधा इंधन वाचवण्यासाठी निवडलेले असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेले की उन्हाळी रबर कडक होऊ लागते, आणि कडक रबर बर्फाच्या बारीक खाचखळग्यांत रुतत नाही. विंटर टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या शेकडो बारीक चिरा हिमाला धरतात. ते जरा जड फिरतात, म्हणजे लिटरमागे थोडे अंतर कमी मिळते. हा खर्च मुकाट्याने करावा. क्युबेक प्रांताने २००८ पासून ही निवड मालकावर सोडलेलीच नाही: सध्या १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदणी असलेल्या गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत. शेजारच्या ऑन्टॅरिओत, जिथे कॅनडातली बरीच मराठी कुटुंबे राहतात, अशी सरसकट सक्ती नाही. तिथे निर्णय घरातच घ्यावा लागतो. टायरचा दुसरा संच महाग वाटतो, पण एक संच वापरात असतो तेव्हा दुसरा झिजत नसतो. आणि पैसे वाचवायला फक्त पुढची दोन चाके बदलणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे: पुढची पकडतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी गरकन फिरते. हवेवरही लक्ष ठेवायला हवे. सहा अंशांच्या घसरणीमागे टायरमधला दाब साधारण एक पीएसआय उतरतो. सप्टेंबरात ३३ भरलेला टायर उणे वीसमध्ये सव्वीस-सत्तावीसवर आलेला असतो.

“आमच्या गाडीला चारही चाकांना जोर आहे,” हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. हायब्रिडमध्ये ही सोय सोपीही झाली आहे. मागच्या चाकांपाशी एक स्वतंत्र मोटर बसवली की काम होते, पुढून मागे जाणारा लांब दांडा लागत नाही. २०१९ च्या अमेरिकी प्रियसमध्ये ही मागची मोटर जेमतेम सात अश्वशक्तीची होती आणि ताशी ७० किलोमीटरपर्यंतच मदत करी. २०२३ च्या प्रियसमध्ये ती चाळीसच्या घरात गेली. चढावर सुटताना किंवा हिमातून बाहेर पडताना याचा उपयोग निर्विवाद आहे. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबताना चार चाकांचा जोर काहीही वाढवून देत नाही. उलट सुटायला त्रास न झाल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. बॅटरीच्या वजनाने गाडी दाबून बसते, हा दुसरा समज. वजनाने पकड वाढते, पण थांबवायचा भारही त्याच प्रमाणात वाढतो आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. एबीएस आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणा खरोखर जीव वाचवतात. मात्र रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच त्या शहाणपणाने वाटून देतात.

ब्रेकच्या बाबतीत हायब्रिडचा स्वभाव थोडा निराळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पेडल हलके दाबले की मोटर जनित्र बनते आणि तीच चाकांना मागे ओढते. खरे ब्रेक नंतर येतात. बर्फावर चाक सरकू लागले की संगणक मोटरचे ओढणे सोडून देतो आणि सगळे काम खऱ्या ब्रेककडे सोपवतो. या हस्तांतरणात गाडी क्षणभर निसटल्यासारखी वाटू शकते. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने जगभरातून चार लाखांहून अधिक प्रियस आणि इतर हायब्रिड गाड्या परत बोलावल्या, त्या खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेकमध्ये येणाऱ्या याच विसंगतीमुळे. संगणकाची आज्ञावली बदलून ती दूर करण्यात आली. आज यंत्रणा कितीतरी सफाईदार झाली आहे. तरीही निसरड्या रस्त्यावर गाडीला जास्त ओढून धरणारे ‘बी’सारखे गिअर टाळावेत. पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत ही ओढ फक्त पुढच्याच चाकांवर येते, आणि वळवण्याचे कामही तीच करत असतात. पाय अलगद उचलावा, लवकर उचलावा, आणि बॅटरीत किती वीज परत गेली हे दाखवणाऱ्या पडद्याकडे त्या दिवशी बघू नये.

हिमात चाक रुतले तर आणखी एक गोष्ट होते. चाक जागच्या जागी फिरू लागताच यंत्रणा ताकद तोडते आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी हलत नाही. अशा वेळी, सोय असेल तर, ती यंत्रणा तेवढ्यापुरती बंद करून गाडी हळूहळू मागे-पुढे झुलवत काढावी लागते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ऐकूच येत नाही. हायब्रिड चालू असूनही नि:शब्द उभी असते. बॅटरी उतरली किंवा हीटरला उष्णता कमी पडली की इंजिन आपोआप सुरू होते. मागचा सायलेन्सर हिमात गाडला गेला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्याला वासही नसतो. म्हणून वादळात अडकल्यावर फावडे हाती घेतले की आधी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, चाकांसमोरचा बर्फ त्यानंतर. आणि ते तोंड मोकळे राहील याची खात्री नसेल, तर ऊब सोडून गाडी पूर्ण बंद करावी, ती चालू असल्याचे सांगणारा ‘रेडी’चा दिवा विझवावा आणि अंगावर कांबळे ओढून घ्यावे.