अठरा फुटांचं छत

व्यायामशाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या की एक ठरलेला क्रम दिसतो. आधी संस्थापकांचे फोटो, मग पाहुण्यांचे अभिप्राय, मग पदकांची यादी, शेवटी जाहिराती. इमारतीचा उल्लेख येतो तो कोनशिलेपुरता आणि देणगीदारांच्या नावांपुरता. छत किती उंच, मधे खांब किती, सरळ धावायला जागा किती, हे कुणी लिहून ठेवत नाही. महाराष्ट्रात मल्लखांब का फोफावला आणि जिम्नॅस्टिक्स का रखडत वाढलं, याचं निम्मं उत्तर मात्र त्या न लिहिलेल्या आकड्यांत आहे, असं माझं मत झालं आहे.

मल्लखांबाला लागतं काय? शिसवी किंवा सागवानी खांब, जमिनीवर साधारण साडेआठ फूट; खाली जाड, मानेशी निमुळता, वर बोंड. त्याला चोळायला एरंडेल. भोवती माती किंवा गादी, आणि चार माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. पेशवाई गेली तरी विद्या टिकली, कारण तिला वाडा लागत नव्हता. ती बिठूर-काशीकडे गेली, बडोद्याला गेली. काशीत दामोदरगुरू मोघ्यांच्या परंपरेत खांबाच्या जोडीला वेत आणि पुढे सुती दोर आला, आणि मग तर खांबही नको झाला. झाडाची मजबूत फांदी पुरे. बडोद्याला हे ज्ञान ग्रंथांत बांधण्याचं कामही झालं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे जाडजूड खंड जुन्या वाचनालयांत अजून सापडतात, बहुधा सर्वांत वरच्या फळीवर.

दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं, काळे गुरुजींनी स्थापलेलं. शिवाजी पार्कवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कुणालाही ते दिसतं. आत डोकावायला ओळख लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. उदय देशपांडे यांनी इथं आणि इथून मल्लखांबाचा जो प्रसार केला, त्यात अंध मुलं आली, परदेशी पाहुणे आले. 2019 च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कलाच झाली, आणि 2024 मध्ये देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं ज्या जागेवर उभं राहिलं, ती शहरातल्या एखाद्या मॉलच्या वाहनतळापेक्षा लहान आहे.

दोरावर चढणारं आठ-नऊ वर्षांचं पोर जवळून पाहावं. हात काय करतात ते सगळ्यांना दिसतं. खरी गंमत पायात असते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरला जातो आणि अंगाचा सगळा भार क्षणभर त्या चिमटीवर असतो. नव्या पोराच्या बेचक्यातली कातडी पहिल्या काही आठवड्यांत सोलवटते. ताई हळद लावतात, किंवा दोन दिवस नुसत्या अढ्या मारायला खांबाकडे पाठवतात. मग पाय तयार होतो. त्या बेचक्याला ना विजेचं बिल येतं, ना आयातशुल्क लागतं.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दादरच्या व्यायाम मंदिराहून जुनं, 1914 चं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेला आखाडा पुढे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय चालवणारी संस्था झाला. मैदानं, वसतिगृहं, शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम असा पसारा लोकवर्गणीतून उभा करणं सोपं नव्हतं, आणि विदर्भातल्या कितीतरी शाळांचे पीटीचे सर तिथूनच तयार होऊन आले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथं गेलं आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याच बर्लिनमध्ये हासेनहायडेच्या माळावर 1811 साली फ्रीडरिश लुडविग यान यानं उघड्यावरचं व्यायाममैदान सुरू केलं होतं. आजच्या जिम्नॅस्टिक्समधले समांतर दांड ही त्याच माणसाची देणगी. नेपोलियनच्या अमलाविरुद्ध तरुण पोरं तयार करायची हा त्याचा हेतू उघड होता, आणि पुढे प्रशियाच्या सरकारनं 1820 पासून दोन दशकं या मैदानी व्यायामावर बंदी घातली ती त्याच धास्तीनं. गुलाम देशातल्या व्यायामशाळांवर पोलिसांची नजर का असायची, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना समजावून सांगावं लागलं नसतं. पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं ते याच हवेत.

इथवर मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स या दोन्ही वाटा जवळजवळ होत्या. भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघ 1951 चा; 1952, 1956 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये आपले जिम्नॅस्ट उतरले. 1962 साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबालाही स्थान मिळालं. पुढे 1981 मध्ये उज्जैनला मल्लखांबानं आपली वेगळी चूल मांडली. त्या काळी आपल्या मोठ्या व्यायामशाळांत सिंगल बार, डबल बार, रिंगा आणि लाकडी घोडा असायचेच. खाली मातीचा हौद, त्यात लाकडाचा भुसा. मुलगा दांडावरून उडी टाकून भुशात उतरला की सर पाठीवर थाप मारायचे.

मग साहित्य बदलत गेलं, आणि आपली मंडळं ज्या टप्प्यावर होती तिथंच राहिली. फ्लोअर एक्सरसाइजसाठी आता 12 मीटर बाय 12 मीटरचं चौरस अंगण लागतं, तेही प्लायवूडखाली स्प्रिंगा किंवा फोम आणि वर गालिचा असलेलं. व्हॉल्टला 25 मीटरची धावपट्टी. बीम पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. ती एक मांडली की तिच्या दोन्ही टोकांना उतरायला गाद्या हव्यातच. हाय बारचा दांडा जमिनीपासून सुमारे पावणेतीन मीटरवर असतो आणि त्यावर माणूस सरळ उभ्या रेषेत फिरतो, म्हणजे वर आणखी तेवढीच मोकळी जागा. 2001 पासून व्हॉल्टचा लांबोडका घोडा गेला आणि त्या जागी रुंद टेबल आलं. ते अधिक सुरक्षित आहे यात वाद नाही. पण वर्गणी काढून घोडा घेतलेल्या मंडळांच्या हाती मात्र अडगळ उरली. परदेशी प्रमाणित साहित्य परवडत नाही म्हणून मेरठ-जालंधरचं आणायचं, आणि स्पर्धेत मुलीचा पाय पहिल्यांदा अस्सल स्प्रिंगबोर्डवर पडला की ती टेबलाच्या पलीकडेच जायची, हे प्रशिक्षकांकडून हसत-रडत ऐकायला मिळतं.

उपनगरातल्या एका मंडळाचा हॉल मी पाहिला आहे. हॉल लांबीला सोळा-सतरा मीटर. व्हॉल्टची धाव पुरावी म्हणून दार उघडं ठेवतात, आणि मुली व्हरांड्यातून, चपलांच्या रांगेला वळसा घालून पळत आत येतात. दाराच्या उंबऱ्यावर गादीचा तुकडा अंथरलेला. पावसाळ्यात व्हरांडा ओला असतो, तेव्हा तीन महिने व्हॉल्ट बंद आणि बीम जोरात. त्या मंडळाच्या मुली बीमवर चांगल्या आणि व्हॉल्टला कच्च्या का, असा प्रश्न जिल्हा स्पर्धेत पंचांना पडत असेल, तर उत्तर त्या व्हरांड्यात आहे.

जागा-साहित्याच्या या तक्रारीला लोक त्रिपुरातल्या आगरताळ्याचा दाखला देऊन उत्तर देतात, आणि तो दाखला खोडून काढणं सोपं नाही. 1960 च्या दशकात दलीप सिंग नावाचे हरयाणाचे प्रशिक्षक त्रिपुरात गेले आणि तिथं त्यांनी जिम्नॅस्टिक्स रुजवलं. त्यांचे शिष्य मंटू देबनाथ यांना 1975 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. दुसरे शिष्य बिश्वेश्वर नंदी पुढे प्रशिक्षक झाले. शहरातल्या विवेकानंद व्यायामागारात लहानगी दीपा कर्माकर आधी सोमा नंदी आणि मग बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली शिकली. तळपाय सपाट, साहित्य जवळजवळ नाही. गाद्या एकावर एक रचून व्हॉल्ट, आणि जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून केलेली उडीची सोय, या गोष्टी 2016 मध्ये घरोघर पोचल्या. रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं प्रोदुनोव्हा हा व्हॉल्ट मारून 15.066 गुण मिळवले आणि कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं. 2024 मध्ये ताश्कंदला तिनं आशियाई सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी निवृत्ती पत्करली.

मग साहित्याचं रडगाणं कशाला, असं विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आगरताळ्यात गुरुशिष्यांची साखळी तुटली नाही. दलीप सिंगांपासून दीपापर्यंत ती सरळ मोजता येते. दुसरी, तिच्या वाढीच्या पुढच्या टप्प्यावर दिल्लीचा सुसज्ज हॉल आलाच. प्रोदुनोव्हा म्हणजे हातांवरून उसळून हवेत दोन पूर्ण कोलांट्या; तो फोमच्या खड्ड्यात शेकडो वेळा पडल्याशिवाय गादीवर मारायचा नसतो. गुणी मूल आणि जिद्दी सर मिळून पहिली दहा वर्षं निभावून नेतात. नंतर मात्र खड्डा लागतो. स्कूटरच्या गोष्टीचं कौतुक करताना आपण नकळत पुढच्या मुलीलाही स्कूटरच देऊ करतो, हे मला खटकतं.

महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत चित्र बदललं आहे, हेही खरं. बालेवाडीचं क्रीडा संकुल झालं, विभागीय क्रीडा संकुलं झाली, छत्रपती संभाजीनगरला भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे. रिदमिक जिम्नॅस्टिक्सला मोठी अवजड साधनं लागत नाहीत. चेंडू, रिंग, गदा, रिबन पिशवीत मावतात, फक्त फेकलेली रिंग छताला लागता कामा नये. ठाण्यात या प्रकारानं चांगलंच मूळ धरलं. तिथल्या संयुक्ता काळेनं 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली. त्याच स्पर्धेत मल्लखांबही होता, आणि त्याच वर्षी गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो दाखल झाला.

मंडळांचं अर्थकारण मात्र कुठेही गेलात तरी सारखंच. पाच ते आठ वयाची मुलं फी भरतात, त्यावर वरच्या गटातल्या दहा-बारा मुलांचा खर्च निघतो. एप्रिल-मे महिन्यांच्या शिबिरांत हॉल ओसंडून वाहतो, त्यातून वर्षाच्या गाद्या येतात. शिकवणारे बहुतेक मंडळाचेच जुने विद्यार्थी. दिवसा बँकेत किंवा शाळेत, संध्याकाळी इथं. त्यांना मिळतं ते मानधन, पगार म्हणायला जीभ धजत नाही. आणि मग येते दहावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुलगी वरिष्ठ गटात येते ती सोळाव्या वर्षी. आपल्याकडे बरोबर त्याच सुमारास आई-वडील सरांना भेटायला येतात. ‘सर, एक वर्ष फक्त.’ ते एक वर्ष म्हणजे काय, हे सरांना माहीत असतं, आई-वडिलांनाही माहीत असतं. क्रीडागुण मिळवण्यापुरती एक स्पर्धा खेळून घेतात आणि मूल क्लासला जातं. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. खेळाच्या पाच टक्के आरक्षणाचा आधार होता, तर ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण निघालं, आणि खरोखर घाम गाळलेल्या मुलांची प्रमाणपत्रंही पडताळणीच्या फायलीत अडकली.

आता नवं संकट पुनर्विकासाचं आहे. मुंबई-ठाण्यातल्या किती व्यायामशाळा जुन्या बैठ्या इमारतींत, कौलांखाली, उंच तुळयांखाली आहेत! बिल्डर नव्या इमारतीत तेवढीच जागा द्यायला तयार असतो, कधी जास्तीही. पदाधिकारी चौरस फूट मोजतात आणि सही करतात. ताबा मिळाल्यावर कळतं की छत दहा फुटांवर आहे आणि हॉलच्या मधोमध दोन खांब आहेत. मग रिंगा लागत नाहीत, दोर लागत नाही, हाय बार विकून टाकावा लागतो. वर्षभरात तिथं ट्रेडमिल येतात, आरसे येतात, आणि पाटीवर व्यायामशाळेचं जुनं नाव तसंच राहतं.

म्हणून करार करणाऱ्या मंडळांनी चौरस फुटांआधी उंची लिहून घ्यावी: निदान अठरा फूट, मधे खांब नकोत, एका बाजूला सरळ तीस मीटर, आणि तुळईत दोरासाठी लोखंडी हूक. हे हूक स्लॅब ओतण्याआधी सळ्यांत अडकवून घ्यावे लागतात, ते नकाशातच दाखवलेले असले पाहिजेत. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकाला दोर बांधून मी तरी माझ्या नातीला त्यावर चढवणार नाही.