अक्षर टिकते ते संकेताने

बीड जिल्ह्यातील आमच्या धर्मापुरी गावच्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराविषयी काही टिपणे आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुकानात संगणकावर लिहवून घेतली होती. यंदाच्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या नातीने ती आपल्या संगणकावर उघडली आणि म्हणाली, "आबा, हे कोणत्या भाषेत लिहिलंय?" पाहतो तो रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता गोपाळकाला! एकवीस पानांपैकी कागदावर उतरलेली चौदाच पाने आमच्या ट्रंकेत होती. उरलेली सात या काल्यातच अडकली. मंदिराचे दगड शतकानुशतके उभे, आणि त्याचे वर्णन मात्र वीस वर्षांतच अवाच्य व्हावे, हे कसे? याचा शोध घेता जे कळले ते वाचकांपुढे ठेवितो.

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ अंक कळतात. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, एवढाच काय तो संकेत. शब्द व अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून संकेताने ठरलेला असतो, असे नैयायिक म्हणतात. तोच न्याय येथे लागू आहे. पूर्वी देवनागरी टंक, म्हणजे फॉन्ट, तयार करणारा प्रत्येक कारागीर आपापला खासगी संकेत ठरवी आणि रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवी. तो टंक हाताशी असेतोवर मजकूर वाचता येई. तो नसला की काला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' हा समाईक संकेत मान्य केला, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तो आपल्या साधनांतून वापरात आणला. 'युनिकोड' या जागतिक संकेतातील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. त्यात 'क'चा अंक २३२५. तो धर्मापुरीत तोच आणि लंडनमध्येही तोच.

समाईक संकेताचा खरा प्रताप नातीने पुढे दाखविला. मूळ कार्यक्रमास बाहेरून जोडावयाच्या लहान कार्यक्रमास 'प्लगिन' म्हणतात. आपण त्यास जोडणी म्हणू. तिने 'लिब्रेऑफिस' या लेखनाच्या कार्यक्रमास मराठी शुद्धलेखन तपासणारी जोडणी बसविली, आणि चुकलेल्या शब्दांखाली तांबडी रेघ उमटू लागली. आता मौज पाहा. तपासणीचे 'हन्स्पेल' हे यंत्र हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी आपल्या मातृभाषेसाठी रचलेले. लेखनाचा कार्यक्रम अनेक देशांतील लोकांनी घडविलेला. शब्दसंग्रह मराठी माणसांनी जमविलेला. यांतील बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नाहीत. तरी काम बिनबोभाट चालते, कारण शब्दसंग्रह कसा मांडावा याचा नियम सर्वांस ठाऊक आहे. एका फाइलीत शब्द आणि त्यापुढे एक खूण. दुसरीत त्या खुणेचा अर्थ. 'शाळा' या शब्दापुढील खूण सांगते की, शेवटचा 'आ' काढून 'एत' लावा, म्हणजे 'शाळेत' होईल. हे ऐकताच आम्हास पाणिनीचे अनुबंध आठवले. 'क्त' प्रत्ययातील 'क्' प्रयोगात दिसत नाही. 'येथे गुण करू नये' एवढे सांगून तो लोपतो, म्हणून 'कृ'चे 'कृत' होते. प्रत्यय आपला नियम सोबत घेऊन येतो, तद्वत् जोडणीही.

एका घरात अनेक जोडण्या आल्या म्हणजे मात्र मर्यादा पाळाव्या लागतात. दोन जावांनी एकमेकींस न विचारता वरणात मीठ घातले, तर ते वरण कोणाच्याही मुखी लागत नाही, आणि दोष तरी कोणा एकीचा म्हणावा? असंख्य संकेतस्थळे ज्यावर उभी आहेत त्या 'वर्डप्रेस'मध्ये २००४ पासून अशा जोडण्या लावता येतात. तेथील शिरस्ता असा की, प्रत्येकाने आपल्या क्रियांच्या नावांस आडनावासारखा निराळा उपसर्ग लावावा. नाहीतर एकाच नावाच्या दोन क्रिया समोरासमोर येताच काम ठप्प होते. एकाच ठिकाणी दोघांस काम करावयाचे असल्यास प्रत्येकाने आपला क्रमांक सांगावा. लहान क्रमांकाचा आधी. काहीच न सांगितल्यास १० धरला जातो. पाणिनीनेही दोन तुल्यबळ सूत्रांत विरोध आला असता पुढील सूत्र प्रबळ, असे आधीच ठरवून ठेवले आहे.

आमच्या टिपणांस मात्र कोणाचाच संकेत लागू पडेना. शेवटी नातीनेच युक्ती काढली. छापील चौदा पाने एकीकडे आणि त्यांचा काला दुसरीकडे ठेवून, कोणते चिन्ह कोणत्या अक्षराच्या जागी येते याचे कोष्टक आम्ही दोघांनी मांडले. नऊ रात्री गेल्या. त्या कोष्टकाच्या साह्याने अडकलेली सात पाने वाचली आणि युनिकोडमध्ये उतरविली. कारागीर निरनिराळे असण्यास हरकत नाही. संकेत तेवढा सर्वांचा हवा. ज्या घरी वडीलधाऱ्यांचे असे जुने लेखन संगणकात पडून असेल, त्यांनी त्याची छापील प्रत हाताशी आहे तोवरच ते बाहेर काढावे, ही विनंती.