मार्लेश्वरला जायचं ते संक्रांतीला

मार्लेश्वरजवळचा धारेश्वर धबधबा बघायला गर्दी लोटते ती श्रावणात. मला विचाराल, तर जानेवारीत जा.

देवरुखहून सुमारे १८ किलोमीटरवर मारळ गाव. सह्याद्रीच्या कुशीत गाडीरस्ता संपतो आणि पाचशेवर पायऱ्या सुरू होतात. पावसाळ्यात धबधबा दिसण्याआधी कानांवर आदळतो. कडा लाव्हाच्या थरांचा आहे. टणक थर तग धरतो, खालचा ठिसूळ झिजतो, म्हणून घाटमाथ्याचं पाणी घरंगळत न येता थेट कोसळतं. हेच पाणी बावनदी होऊन पुढे मुंबई-गोवा महामार्गाला आडवं येतं. वर झड लागली की खाली ऊन असलं तरी पाणी अचानक फुगतं. तेव्हा त्या दिवसांत कुंडात उतरायचा मोह नको.

धबधब्यासमोर मार्लेश्वराची गुहा. आत विजेचा दिवा नाही, समयांचा उजेड तेवढा. वाकून शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की कपारीत काहीतरी हलतं, आणि आपण नकळत पाय जवळ घेतो. साप. ते देवाचे, कुणाला चावत नाहीत, असं इथले लोक सांगतात. गारवा आणि अंधार सापाला मानवतो हे मलाही ठाऊक आहे, पण हात मात्र मी जोडलेलेच ठेवले.

या देवाचं लग्न दरवर्षी मकरसंक्रांतीला लागतं. नवरी गिरिजादेवी साखरप्याची, नवरदेवाचा मूळ मठ आंगवलीला. तिथे आधी घाणा भरतात, हळद लागते. मग पालख्या डोंगर चढतात. लग्न लिंगायत पद्धतीचं. रीतसर मागणी घालतात, होकार मिळाल्यावरच पुढचे विधी. दरवर्षी तीच नवरी, तोच नवरा, तरी विचारल्याशिवाय अक्षता पडत नाहीत! साखरप्याची मंडळी त्या दिवशी मुलीकडची. पायथ्याशी खाज्याचे ढीग, नारळ, बांगड्या, हरवलेल्या पोरांच्या हाका.

आणि धारेश्वर? तोवर त्याची बारीक धार झालेली असते, कड्याला चिकटून उतरणारी. श्रावणात तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. संक्रांतीला मंगलाष्टकं ऐकू येतात.